उन्हात राहिलेली गाडी

सावली गाडीवरून उतरत होती आणि खुशालराव बसून होते.

आधी हँडल उन्हात आलं, मग आरसा लखलखला, मग सीटवर दुर्गाबाईंनी हातानं शिवलेली निळी खोळ. वैशाखातलं अकोल्याचं ऊन. ओट्यापुढच्या कडुनिंबाची सावली दुपार चढली की बुंध्याशी गोळा होते, मग दुसऱ्या अंगाला पसरते, आणि ज्याला सावलीत राहायचं त्याला तिच्या मागे मागे सरकावं लागतं. ही विजेवरची गाडी घरात आली तेव्हापासून खुशालराव सरकत आले होते. जेवण झालं की एकदा, डुलकी झाली की एकदा. स्टँड काढायचा, गाडी जराशी ढकलायची, सावलीच्या मधोमध उभी करायची.

आज ते खुर्चीत बसून पाहत होते. दुसऱ्याच्या चुलीवरचं दूध उतू जाताना पाहावं तसे.

"भाऊजी!" कंपाउंडच्या पलीकडून शेजारच्या माणिकबाई ओरडल्या. त्यांच्या हातात ओला पिळा होता. "गाडी उन्हात आली ना जी तुमची!"

"आली त आली."

"आता वं माय! तुमी त गाडीले लेकरावानी जपता. कालच माह्या सुनेले म्हनलं, पाय, भाऊजी गाडीले सावलीत नेऊन राहिले अन् तू घरातलं दही उन्हात ठेवते."

"लोखंड हाय ते, माणिकबाई. ऊन काय खाते त्याले?"

माणिकबाईंचा पिळा हातातच राहिला. "तुमीच सांगत होते ना, लोखंड नाही म्हना, खाली बॅटरी हाय, तिले ऊन लागते म्हना?"

खुशालरावांनी वाचून झालेलं वर्तमानपत्र पुन्हा उघडलं. पाय ठेवायच्या फळीखाली बॅटरी होती, आणि ती फळी आता तव्यासारखी तापत असणार हे त्यांना हात न लावता कळत होतं. मागच्या भिंतीतल्या खिडकीशी दुर्गाबाई निजल्या होत्या. काल कौलखेडला एका हळदीत गाऊन त्यांचा घसा बसला होता. उन्हं उतरली की त्या पुन्हा निघणार होत्या, उमरीच्या एका मांडवात. आणि मागच्या सीटवर ढोलकीवाले नत्थुजी बसणार होते.

सावली मागच्या चाकावरूनही उतरली. खुशालराव उठले नाहीत.

त्यांचं आयुष्य बॅटऱ्यांत गेलं होतं. दर्यापूरला बसस्टँडच्या मागं त्यांचं दुकान होतं. ट्रॅक्टरच्या, जीपच्या, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या तिथं रात्रभर रांगेनं चार्जिंगला लागलेल्या असत. अॅसिडच्या थेंबांनी त्यांच्या सदऱ्यांना बारीक भोकं पडत आणि दुर्गाबाई ते दोरीवर टाकताना म्हणत, "हे सदरे नाहीत, चाळन्या हायेत." मेलेली बॅटरी घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला ते आधी झापत आणि मग चहा पाजत. "बैलाले सांजच्याले गोठ्यात बसू देता ना? मंग हिले काहून बसू देत नाही?"

मग कानाचा आजार झाला. बसल्या जागी घर फिरायचं. डॉक्टरांनी दुचाकी चालवायला मना केलं, मुलगा विपुल पुण्याला निघून गेला होता, मुलगी आचल अकोल्यात दिलेली. तिनं आईबापाला जठारपेठेत आपल्या घराजवळ दोन खोल्यांत आणून ठेवलं आणि वर ही गाडी घेऊन दिली. "बाबा, तुमाले चालवाले मनाई हाय, आईले त नाही. हिले गिअर नाही की किक नाही."

दुर्गाबाई मागच्या मोकळ्या प्लॉटात गाडी शिकल्या. ज्या दिवशी त्यांना पाय न टेकवता वळता आलं, त्या सायंकाळी त्यांनी गल्लीतून एक फेरी मारली आणि गाडी थेट ओट्याशी आणून उभी केली. गाल लाल झालेले, पदर कमरेला.

"बसा ना. राजेश्वराच्या देवळात जाऊन येऊ."

खुशालरावांनी गल्लीकडं पाहिलं. माणिकबाई फाटकात होत्या. समोरच्या ओट्यावर दोन-तीन माणसं पान लावत बसली होती.

"मी? तुह्या मागं? दर्यापूरच्या कोनी पाह्यलं त काय म्हनन?"

"काय म्हनन? खुशालराव बायकोच्या गाडीवर बसले म्हनन. त्याच्यात खोटं काय हाय?"

"तू जाऊन ये."

त्या गेल्या. येताना प्रसादाचं खोबरं आणलं, अर्धं त्यांच्या हातावर ठेवलं. बसा, असं पुन्हा कधी म्हणाल्या नाहीत.

मागच्या सीटवर ते बसले नाहीत, पण बॅटरी त्यांनी आपल्या ताब्यात घेतली. पहिल्या महिन्यात दुर्गाबाई गाडी पाण्याच्या हिशेबानं वापरत होत्या. अकोल्यात नळ रोज येत नाही. ज्या दिवशी येतो त्या दिवशी बायका शिळं पाणी झाडांना ओतून गुंड, बादल्या, पिंप, पातेली, सगळं काठोकाठ भरून घेतात. दुर्गाबाईंनी गाडीलाही तोच न्याय लावला. पडद्यावरची चार्जिंगची शेवटची काडी विझेपर्यंत त्या गाडी पळवायच्या आणि मग रात्रभर चार्जर लावून ठेवायच्या.

"काडी विझली तरी फिरून राहिली तू?"

"शिळी लाईट संपू द्या ना. मंग ताजी भरते, कंठाबरोबर."

खुशालराव हसले होते, पोट धरून. मग तिला शेजारी बसवून त्यांनी फळीवर तिचा तळवा ठेवला. "हे पाय. पान्याचा गुंड नाही हे. हिले उपाशी मारू नको अन् गळ्यालोक कोंबू नको. दोन काड्या राहिल्या की लाव. वरची एक भराची राहिली की काढ. अन् उन्हातून आल्या आल्या चार्जर लावाचा नाही. उन्हातून माणूस आला त त्याले घडीभर टेकू देतो ना आपन? मंगच पानी देतो. तसंच. अंग थंड होऊ दे तिचं."

"मले कसं समजन थंड झालं म्हनून?"

"मी हाय ना."

तेव्हापासून तो नेम झाला. दुर्गाबाई आल्या की खुशालराव गाडी सावलीत घेत. मधून मधून फळीला पालथा हात लावून पाहत, लेकराच्या कपाळाला लावावा तसा. मग खिळ्यावरचा चार्जर काढून लावत, आणि वरची काडी भरायच्या आत उठून काढत. आचलकडं चार दिवस राहायला जायचं असलं तर गाडी भरून न ठेवता अर्ध्यावर ठेवत. दर्यापूरच्या पाण्याच्या बॅटऱ्या भरलेल्या राहिल्या तर टिकायच्या, ही नवी बॅटरी भरून ठेवली तर झिजायची. उतारवयात त्यांना नवं काहीतरी शिकायला मिळालं होतं, आणि कुणाच्या तरी कामी ते येत होते.

आणि गाडीनं दुर्गाबाईंना दूर नेलं. त्यांच्याकडं आईची, आजीची गाणी होती, हळदीची, जात्यावरची, भुलाबाईची. दर्यापूरला त्या ती भाकरी थापताना म्हणायच्या, आणि दुकानातल्या चार्जरच्या गुणगुणीत ती बुडून जायची. इथं एका लग्नात कुणीतरी त्यांना म्हणायला लावलं, मग दुसऱ्या लग्नात बोलावलं. बघता बघता हळद म्हटली की दुर्गाकाकू असं झालं.

ढोलकीला नत्थुजी आले. पूर्वी ते एका जिनिंगात कामाला होते. रुईच्या धुळीनं त्यांचा आवाज खरखरीत झाला होता, पण बोटं पावसाच्या पागोळीसारखी. बायको वारलेली, मुलगी अंजनगाव सुर्जीला दिलेली, एक गुडघा कामातून गेलेला. उमरीतून त्यांना चालत येणं होईना, म्हणून दुर्गाबाई त्यांना गाडीवर घेऊ लागल्या. रिकामी सीट होतीच.

"खुशालभाऊ," नत्थुजी गाडीवर चढता चढता म्हणत, "वहिनीले गाडी, गाडीले बॅटरी, अन् बॅटरीले तुमी. आमी त फुकटची सवारी."

"बसा, बसा," खुशालराव म्हणत. सुरुवातीला ते मनापासून म्हणत.

मग दिवाळीत आचलनं मोबाइलवर एक चित्रण दाखवलं, कुठल्याशा हळदीतलं. दुर्गाबाई गात होत्या, शेजारी नत्थुजी मांडीवर ढोलकी घेऊन. प्रत्येक कडव्याच्या आधी दुर्गाबाई मान वळवून त्यांच्याकडं बघायच्या. नदीत पाऊल टाकण्याआधी तळ कुठं आहे ते बघावं, तेवढंच. नत्थुजी थाप द्यायचे आणि त्या पाऊल टाकायच्या.

त्या बघण्यात काही नव्हतं. खुशालरावांनी ते चित्रण आपल्या मोबाइलवर घेऊन पुन्हा पुन्हा पाहिलं, काही सापडतं का म्हणून. काहीच सापडलं नाही, आणि त्यानंच त्यांचं डोकं जास्त फिरलं. भांडायला जागा नव्हती. एवढ्या संसारात दुर्गानं आपल्याकडं असं कधी पाहिलं होतं का? पाहिलंही असेल. तेव्हा आपण बॅटरीच्या टोपणांत वाकून पाणी टाकत असू.

त्यांना बारीक बारीक दिसू लागलं. नत्थुजी मुठीत धरायचे ती सीटमागची दांडी. तिथला काळा रंग उडून पांढरं लोखंड दिसत होतं, एका मुठीएवढं. सीटच्या खोळीला ढोलकीच्या शाईचा काळपट डाग. गाडी गल्लीत वळायची तेव्हा दुर्गाबाई काहीतरी गुणगुणत असायच्या आणि मागं नत्थुजींची बोटं ढोलकीच्या कडेवर वाजत असायची. ओट्याशी आलं की दोघंही थांबायचे. ते थांबणंच त्यांना टोचायचं.

एका रात्री वरची काडी भरत आली आणि खुशालराव चार्जर काढायला उठले नाहीत. सकाळी उठून त्यांनी स्वतःलाच सांगितलं, डोळा लागला. दुसऱ्या रात्री डोळा लागला नव्हता, तरी उठले नाहीत. मग उन्हातून आलेल्या गरम गाडीला त्यांनी तसाच चार्जर लावला. कुणी विचारलं नाही. विचारणारं कोण होतं? जाणते तेच होते. दावं एकदम ओढलं तर जनावर बावरतं, रोज बोटभर आखडलं तर त्याला कळत नाही. ते बोट बोट आखडत होते.

आणि आज ते सावली सरकताना बघत बसले होते.

गाडी थकू लागली. जिथं एक काडी जायची तिथं दोन जाऊ लागल्या.

"मले वाटते म्हातारी झाली हे," दुर्गाबाई एका सायंकाळी फळीवर हात ठेवून म्हणाल्या. "की माहंच वजन वाढलं?"

"दोघायचं वजन हाय ना. अन् तिसरी ढोलकी."

दुर्गाबाईंनी मान वर केली. "ढोलकीचं काय वजन आचलचे बाबा? हवा असते तिच्यात."

"मी आपली गोठ सांगितली. इतक्या लांब लांब नको जात जाऊ."

त्यांनी बार्शीटाकळीची हळद नाकारली. मग मूर्तिजापूर रस्त्यावरची. खुशालरावांना बरं वाटलं, घटकाभर. मग लक्षात आलं, तिनं गावं सोडली, मागचं माणूस सोडलं नाही. जवळच्या मांडवात का होईना, नत्थुजी बसलेलेच.

लग्नसराईच्या शेवटाला गांधीग्रामचं बोलावणं आलं. पूर्णेकाठचं गाव, मुलीकडचे ओळखीचे. दुर्गाबाई म्हणाल्या, "हे एक जातो. मंग पावसाळाभर कुठी जात नाही." त्यांनी विचारलं, "जाऊन येईन ना गाडी?"

सगळ्या काड्या पडद्यावर उभ्या होत्या. भरलेल्या दिसतात, पण आतून पोकळ झाल्यात, हे त्या घरात एकालाच माहीत होतं.

"जाईन," खुशालराव म्हणाले.

दोघं सकाळी गेले. परतायची वेळ झाली, गेली. खुशालराव ओट्यावर येरझाऱ्या घालू लागले. काय करत असतील एवढा वेळ? जेवले असतील. पान खाल्लं असेल. नत्थुजीनं आणखी एक म्हणा वहिनी म्हटलं असेल, आणि हिनं मान वळवून पाहिलं असेल.

फोन वाजला. पडद्यावर दुर्गाबाईंचं नाव. उशीर होतो, हेच सांगणार. हसऱ्या आवाजात सांगणार. खुशालरावांनी फोन खुर्चीवर पालथा ठेवला. तो पुन्हा वाजला, खुर्चीच्या पट्ट्यांवर थरथरत थरथरत कडेला आला आणि थांबला.

उन्हं कलल्यावर गल्लीच्या तोंडाशी गाडी दिसली. आवाज नव्हता, आणि ती फार हळू येत होती. माणिकबाई फाटकात येऊन उभ्या राहिल्या. दुर्गाबाई पायी चालत होत्या. पदर डोक्यावरून तोंडाशी ओढलेला, दोन्ही हात हँडलवर, पाठ वाकलेली. आणि सीटवर नत्थुजी बसले होते, एक पाय लांब सोडून, ढोलकी छातीशी धरून. खुशालरावांची बायको दुसऱ्या माणसाला गाडीवर बसवून ढकलत आणत होती.

खुशालराव ओट्याची एक पायरी उतरले आणि तिथंच थांबले.

"उतरतो म्हनलं," नत्थुजी लांबूनच खरखरीत आवाजात म्हणाले, "पन वहिनी आयकतेत कुठी! अर्ध्या वाटेत बंद पडली जी. तिथून चाललो उन्हात. मंग गुडघा बसला माहा. एका मेटॅडोरवाल्यानं गाडी उचलून गावात, अकोट फैलापर्यंत आनलं." ते उतरायला गेले आणि पाय टेकताच कळवळले. खुशालरावांनी धावत जाऊन त्यांना काखेत धरलं. घामानं भिजलेलं, हलकं, म्हातारं अंग होतं ते. नत्थुजींनी त्यांचा हात दाबला. "माफ करजा खुशालभाऊ. तुमी इतकी जपली, अन् बॅटरी आमी मारली तुमची."

खुशालरावांनी त्यांना ओट्यावर टेकवलं आणि ढोलकी त्यांच्या हातातून घेतली.

दुर्गाबाईंनी नत्थुजींना आधी गुळाचा खडा दिला, घडीभर बसू दिलं, मग पाणी. स्वतः उभ्यानंच प्यायल्या. मग भांडं ठेवता ठेवता म्हणाल्या, "फोन केला होता."

"आयकू नाही आला."

त्यांनी खुर्चीवरच्या पालथ्या फोनकडं पाहिलं. "बरं," म्हणाल्या.

नत्थुजींचा गुडघा त्यातून उठला नाही. काही दिवसांनी त्यांची मुलगी येऊन त्यांना अंजनगावला घेऊन गेली. जाताना ते रिक्षातून ओट्याशी थांबले होते. दुर्गाबाईंनी त्यांच्या डब्यात धिरडी भरून दिली. ढोलकी रिक्षाच्या मागच्या खिडकीतून दिसत राहिली, वळणापर्यंत.

खुशालरावांना जे हवं होतं ते झालं. सीट रिकामी झाली. आणि दुर्गाबाईंचं गाणं थांबलं. भाकरी थापतानाही नाही, दळताकांडतानाही नाही. दुकानातला चार्जर नव्हता आता, घर अगदी शांत होतं, आणि त्या शांततेत ऐकायला काही नव्हतं. ते पुन्हा गाडी सावलीत हलवू लागले. फळीला हात लावून थंड होण्याची वाट पाहू लागले. वरची काडी कधी भरू दिली नाही. पण झिजलेलं भरून येत नाही, हे ते दर्यापूरला उभ्या जन्मात कितीतरी लोकांना सांगत आले होते.

आश्विनात पोरींनी घरोघर भुलाबाई मांडली. डाबकी रोडच्या रेल्वेपुलापलीकडच्या एका कॉलनीतून दुर्गाबाईंना बोलावणं आलं. दिवसाउजेडीच होतं, शाळेच्या पोरी होत्या म्हणून. त्यांनी डबा भरला, फडक्यात बांधला, आणि कुणाकडं न बघता म्हणाल्या, "खिरापतीचा डबा धराले कोनी पायजे होतं. हँडलले लटकवला त सांडते."

"मी येऊ का?"

आता त्यांनी पाहिलं. "मागं बसा लागन."

"बसतो."

माणिकबाई फाटकात होत्याच. "भाऊजी! दर्यापूरवाले पाहून राहिले हां!"

"पाहू द्या. त्यायले म्हना, पुढच्या खेपेले त्यायलेही नेतो."

माणिकबाई पदर तोंडाला लावून हसल्या. खुशालराव सीटवर बसले. हात कुठं ठेवावा ते कळेना. एका हातात डबा, दुसरा मागं गेला आणि दांडीवर थेट त्या रंग उडालेल्या जागी पडला. गुळगुळीत होती ती. त्यांनी हात काढून मांडीवर ठेवला.

"धरा बरं घट्ट," दुर्गाबाई म्हणाल्या. गाडी हलली. अंबाड्यातल्या शेवंतीचा वास खुशालरावांच्या तोंडावर आला. एवढ्या जवळ दुर्गा नेहमीच होती, पण पुढं चाललेली, वाटेकडं बघणारी दुर्गा त्यांनी आज पहिल्यांदा पाहिली.

"काय हाय डब्यात?"

"भुलाबाईची खिरापत कोनी सांगते का? हालवा अन् वळखा."

त्यांनी डबा कानाशी हलवला. "लाडू?"

"नाही."

"करंज्या?"

"अंहं. बसा वळखत."

जाताना पूल कसाबसा चढला. पडद्यावरच्या काड्या भराभर विझत गेल्या.

कॉलनीच्या अंगणात जोंधळ्याच्या ताटांच्या मखरात मातीचे भुलोबा-भुलाबाई बसले होते. पोरींनी टिपऱ्या वाजवून गाणी म्हटली, डबा हलवून हलवून खिरापत ओळखायचा प्रयत्न केला, आणि उघडल्यावर उकडलेल्या शेंगा निघाल्या तेव्हा एकच ओरडा झाला. मग कुणीतरी म्हणालं, "काकू, तुमच्या जात्यावरच्या ओव्या म्हना ना."

"ढोलकी नाही आज."

"तशाच म्हना."

दुर्गाबाईंनी डोळे मिटले, उघडले, आणि सवयीनं डावीकडं मान वळवली. तिथं प्लास्टिकच्या खुर्चीवर खुशालराव बसले होते, रिकामा डबा मांडीवर घेऊन. त्यांच्या नजरेत नजर गुंतली. त्या थांबल्या. मग थापेची वाट न पाहता गाऊ लागल्या,

*सावली गं सरकली, गाडी उन्हात राहिली,*
*उठाची ज्याची पाळी, त्यानं बसून पाहिली.*

बायका हसल्या. "काकू, हे काय जुनी ओवी हाय? जात्याच्या काळात गाड्या कुठी होत्या?"

"बैलगाड्या नव्हत्या का?" दुर्गाबाई म्हणाल्या, आणि पुन्हा हसू झालं.

खुशालराव हसले नाहीत. ओट्यावरची खिडकी त्यांना आठवली. वैशाखातली ती दुपार. दुर्गा निजली नव्हती. सगळं पाहत होती, आणि तरीही गांधीग्रामला निघताना विचारत होती, जाऊन येईन ना गाडी? तेव्हा त्यांना एक संधी दिली गेली होती, आणि ती त्यांनी ओळखली नव्हती.

दुर्गाबाईंचा आवाज खाली आला. आता त्या कुणाकडंच बघत नव्हत्या.

*ऊन पेते माही गाडी, सांगू गाऱ्हानं कोनापाशी,*
*नाडी जाने जो तिची, तोच बसला उपाशी.*

कुणी हसलं नाही. एका म्हाताऱ्या बाईनं "हो वं माय" म्हणून मान हलवली. खुशालरावांनी डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

परतताना सूर्य पुलावर टेकला होता. चढ लागला आणि गाडी दमली. आधी हळू झाली, मग चालत्या माणसाइतकी, मग तिनं नुसतं हुंकारल्यासारखं केलं. पडद्यावर एकच काडी लुकलुकत होती. मागून एका ट्रकनं भोंगा वाजवला.

खुशालराव न सांगता उतरले.

"दोघायचं नाही वढत आता हे," दुर्गाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. नळाला पाणी आलं नाही, हे सांगावं तसं सांगितलं.

"तू हो पुढं. मी येतो."

एकट्या दुर्गाबाईंना घेऊन गाडी हळूहळू चढू लागली. खुशालराव कठड्याच्या बाजूनं चालू लागले, फडक्यात बांधलेला रिकामा डबा हातात घेऊन. चढावर दम लागत होता, कानात वारं भरल्यासारखं होत होतं, कठडा धरावा लागत होता. भर दुपारच्या उन्हात एक मोडक्या गुडघ्याचा माणूस चालला होता. वर मावळतीच्या उजेडात दुर्गाबाईंची पाठ आणि तिच्यामागची रिकामी सीट लहान लहान होत गेली.

त्या निघून गेल्या असत्या तर त्यांना काही म्हणता आलं नसतं.

पुलाच्या माथ्यावर, दिव्याच्या खांबाखाली, गाडी कडेला उभी होती. दुर्गाबाई उतरल्या नव्हत्या. एक पाय जमिनीला टेकवून, मागं न बघता बसून होत्या. खुशालराव जवळ गेले. धाप लागली होती. त्यांनी वाकून फळीला पालथा हात लावला.

"तापली हाय," ते म्हणाले. आणि हात न काढता, "दुर्गा, म्या..."

"घडीभर टेका," दुर्गाबाई म्हणाल्या.

ते कठड्याला टेकले. खालून मालगाडी जात होती. डबे संपता संपेनात. दोघांनी ते शेवटच्या डब्यापर्यंत पाहिले.

मग दुर्गाबाई सीटवर जराशा पुढं सरकल्या.

"बसा आता. उतार हाय. उताराले बॅटरी नाही लागत."

खुशालराव बसले. दुर्गाबाईंनी टेकलेला पाय उचलला आणि गाडी आवाज न करता खाली निघाली. वारं तोंडावर आलं. त्यांनी हात मागं नेला, बोटांनी ती गुळगुळीत जागा चाचपली, ती सोडून दिली, आणि तिच्या शेजारी, जिथं रंग अजून शाबूत होता, तिथं दांडी धरली.